आठाचा टॅन

"गाडीचा नंबर नऊ, फोनचा नऊ, दुकानाचा नऊ! आणि सरकार मला आठ देतं? मी काय घोडं मारलंय सरकारचं?"

रघुजींचा आवाज बंगळूरच्या मल्लेश्वरम भाजीबाजारापर्यंत पोचत होता. लग्नाची स्टेजं सजवणाऱ्या या एकट्या मालकाची उलाढाल गेल्या वर्षी कोटीच्या वर गेली, तेव्हा मंडप बांधणाऱ्या पिराजीसारख्या कंत्राटदारांच्या बिलातून कर कापून सरकारात भरणं आलं. त्यासाठी टॅन नावाचा वेगळा नंबर लागतो. ऑडिटर भाची रंजितानं तो काढून दिला आणि रघुजींनी आधी त्यातल्या आकड्यांची बेरीज केली. एक, चार, दोन, नऊ, एक. सतरा. एक आणि सात, म्हणजे आठच!

"दुसरा काढ!"

"मामा, हा काय गाडीचा फॅन्सी नंबर आहे? एका माणसाला एकच. दोन घेतले तर दंड."

अंकशास्त्री यशोवर्धन यांनी फोनवरच सुस्कारा सोडला. "आठ म्हणजे शनी. वापरलात की धंदा बसला."

झालं! रघुजींनी टॅनला हातच लावला नाही. कापायला नंबर लागत नाही, भरायला लागतो. त्यामुळे कापणं चालू आणि भरणं बंद, असा अजब कारभार सुरू झाला.

रविवारी मोसमातलं सगळ्यात मोठं रिसेप्शन होतं, आणि गुरुवारी पिराजी तणतणत आला.

"अण्णा, माझ्या पॅनवर एक पैसा जमा दिसत नाही. कापलेलं गेलं कुठं?"

"थांब की रे स्वल्प. नंबर शुभ नाही."

"तुमच्या शनीपायी माझं का कापता? रविवारचा मंडप दुसऱ्याकडून घालून घ्या!"

पिराजी तरातरा निघून गेला. त्याच्याशिवाय तो मंडप उभा राहणं अशक्य. रघुजींची पाचावर धारण बसली.

यशोवर्धनांकडे उपाय तयारच होता. "शनिशांती. साठ हजार. रविवारच्या आत."

रघुजी दातओठ खात कबूल झाले आणि रंजिताला म्हणाले, "दुकानाच्या खर्चात घाल. सल्ला फी म्हणून."

"सरी, घालते. मग त्यांचाही कर कापायचा. त्यांचा पॅन आणा."

"माझा पॅन?" यशोवर्धन फोनवर भडकले. "मी साधक माणूस!"

"साधकाचं बिल साठ हजारांचं कसं हो? पॅन नाही तर वीस टक्के कापीन!" रंजितानं मध्येच सुनावलं.

वीस टक्क्यांचं नाव काढताच पॅनचा फोटो आला. रघुजींनी सवयीनं बेरीज केली. तीन, पाच, चार, पाच. चष्मा पुसून पुन्हा केली. सतरा.

"अहो, हा तर आठ! तुमचाच!"

"माझा शनी उच्चीचा आहे," पलीकडून शांत उत्तर आलं. "कोरमंगलातलं घर त्याच्याच कृपेनं झालं."

रघुजींनी फोन आपटला. "रंजिता, शांती रद्द! भर सगळ्यांचा कर! व्याजासकट. त्याच नंबरावर."

मग पिराजीला फोन लावला. "भरले बाबा तुझे पैसे. येशील ना रविवारी?"

"येतो. पण तो नंबर अशुभ होता म्हणे?"

"अशुभ कसला!" रघुजी पुन्हा उसळले. "आल्या आल्या माझे साठ हजार वाचवलेत त्यानं!"