घटस्फोट ठरली!

आमच्या घरात यापुढे एकही माशी दिसणार नाही, अशी घोषणा मी भर जेवणाच्या टेबलावर केली होती. फवारा नाही, जाळी नाही! मी किडे खाणारी झाडं पाळणार होतो!

आज परिस्थिती अशी आहे, की माश्या याव्यात म्हणून मी खिडक्या सताड उघड्या टाकतो. तरी माश्या पुरत नाहीत. मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माश्या पकडतो आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून घरी आणतो. आमचा कॅशियर मी लांबून दिसलो तरी आपला डबा बंद करतो.

पण लेकरांसाठी माणूस काय करत नाही! बाल्कनी भरलीय माझी. जबडा मिटून माशी धरणारी जबडेवाली, पानांवर चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू, आणि त्यांची पिल्लावळ. नखरे तर विचारू नका! नळाचं पाणी चालत नाही. गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी लागतं. आणि खत? खत म्हणजे विष! जरा पडलं की मुळं जळून खलास! मी हे बायकोला रोज समजावतो. ती रोज "हं" म्हणते.

आता एकच राहिली होती, घटपर्णी. पानाच्या टोकाला झाकणासकट लोटीच लोंबते, किडा आत घसरला की संपला! नर्सरीवाल्याने खास माझ्यासाठी राखून ठेवली होती. अडचण बायकोची. कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून तिने आधीच दम भरला होता, "आता एक जरी नवी आली, तर या घरात ती राहील नाहीतर मी!"

पण मला चैन कुठे पडतेय! बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बाल्कनीत जाऊन रिकामा कोपरा मोजावासा वाटे. शेवटी बेत आखला. मेहुण्याच्या गाडीतून गुपचूप आणायची, एकदा घरात शिरली की कोण बाहेर काढतंय! माझे हात कुंड्यांत भरायच्या ओल्या शेवाळाने बरबटलेले, म्हणून मोबाईलला तोंडी मजकूर सांगितला आणि न वाचता, नाकाने बटण दाबून मेहुण्याला पाठवूनही दिला.

आता त्या मोबाईलच्या बापाने कधी घटपर्णी पाहिली होती? त्याला 'घट'ने सुरू होणारा एकच शब्द ठाऊक. मला हे फार उशिरा कळलं, तुम्ही आत्ताच वाचा: "घटस्फोट ठरली! शनिवारी घरी आणतोय. चांगली उंच, लालसर आहे. तुझी गाडी लागेल. ताईला इतक्यात कळू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बायको सोफ्यावर ताठ बसलेली.

"कधीपासून चाललंय हे?"

झालं! मेहुणा फुटला! आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"तीनेक महिने झाले. फोटो पाहिला आणि वेडच लागलं गं!"

"माझ्यात काय कमी होतं?"

प्रश्न जरा चमत्कारिक वाटला, पण मी घाईत होतो. "छे! तुझी आणि तिची तुलनाच नाही!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि राहणार कुठे ती?"

"बाल्कनीत! तुझ्या वाटेत मुळीच येणार नाही."

"बाल्कनीत? अहो, आणि खाणार काय?"

"ते मी आणतो की ऑफिसातून! डबीत!"

ती हुंदका देऊन आत पळाली. दार धाडकन बंद झालं! मी दिवाणखान्यात येरझारा घालू लागलो. एका कुंडीपायी एवढं रडायचं? मग तिचा तो दम आठवला. तिच्याशिवायचं घर डोळ्यांपुढे आलं. नको ती घटपर्णी! तिला तसं सांगायला निघालो, तर पॅसेजमध्ये एका बॅगेला अडखळलो. ही निघाली माहेरी! चेन उघडली. आत माझे शर्ट!

तेवढ्यात बेल वाजली. मेहुणा बाह्या सरसावून उभा, मागे सासरे. सासऱ्यांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. लग्नपत्रिका हातात आली तरी ते आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतात, मग मुलगी कोणाची ते.

"भाऊजी, शोभतं का हे तुम्हाला? आणि वर गाडी माझीच!"

"थांब रे." सासऱ्यांनी मेहुण्याचा मोबाईल नाकाजवळ धरला. "जावईबापू, हे तुम्हीच लिहिलंत?"

मी मान खाली घातली. "हो बाबा. चुकलंच माझं."

"चुकलंच! 'घटस्फोट ठरली'? ठरली? अहो, तो घटस्फोट! ठरला!"

आतलं दार उघडलं. "बाबा! माझा संसार मोडतोय आणि तुम्ही व्याकरण काय तपासताय?"

"संसाराचं बघू नंतर. घटस्फोट कधी उंच आणि लालसर असतो का? उंच, लालसर ही बाई धरली, तरी 'घटस्फोट'पुढे 'ठरली' कसं येईल? शब्द चुकलाय! मूळ शब्द स्त्रीलिंगीच असणार!"

"कसला घटस्फोट?" मी किंचाळलो. "घटपर्णी! घटपर्णी म्हणालो मी! झाड आहे ते! किडे खातं!"

मेहुण्याने सरसावलेल्या बाह्या हळूच खाली केल्या. मग सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? स्त्रीलिंगी!"

बायको रडता रडता हसायला लागली. "अहो, झाडच होतं होय! आणा, हवी तेवढी आणा! मी एका शब्दाने बोलणार नाही!"

मी तर हवेतच होतो! बॅग उचलून आत नेली, शर्ट पुन्हा कपाटात कोंबले. ती दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"फार चिडले होते हो मी. पण तुमच्या झाडांवर नाही राग काढला."

"गुणाची ती माझी बायको!"

"त्या मुक्या जिवांचा काय दोष? म्हटलं, यांच्याबरोबर कुठे कुठे फिरतील, उपाशी नकोत. म्हणून माझ्या गुलाबाचं खत घातलं सगळ्यांना. मूठ मूठ, चांगलं दाबून!"

ती शाबासकीची वाट बघत माझ्याकडे बघत होती. पापण्या अजून ओल्या होत्या.

"छान केलंस," मी म्हणालो.

शनिवारपर्यंत बाल्कनीत कपडे वाळत घालायला भरपूर जागा झाली. मी मेहुण्याला पुन्हा निरोप पाठवला. या खेपेला हात स्वच्छ धुऊन, एकेक अक्षर स्वतः दाबून आणि दोनदा वाचून: "गाडी नको. टेम्पो बघ."