मोठ्या आक्काच्या जाळीची हकीकत

प्रथम नमन लोखंडास, जे कोणाचे वैर धरीत नाही आणि कोणाची गय करीत नाही. दुसरे नमन त्या हातांस, जे त्यास रोज शिवतात. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी, ते दिवशी जे घडले आणि त्यापुढे जे जाहले, तो मजकूर येथे लिहिला आहे. संवत्सराच्या नावावर कोणी जाऊ नये. लिहिणारी बळवंत मिस्त्रींची कन्या. बखरीत आपली कैफियत मांडू नये अशी रीत आहे, म्हणोन ती जेथे येईल तेथे 'कन्या' इतकेच म्हटले आहे. आणि जे तिने डोळ्यांनी पाहिले नाही ते ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून घेतले आहे.

माळावर, औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली एक राज्य होते. ट्रॅक्टरचे भाग पत्र्यातून दाबून काढावे आणि दूरदेशीच्या बड्या कंपन्यांकडे रवाना करावे, हा त्या राज्याचा उद्योग. थोरल्या सरकारांनी एका यंत्रावर राज्य उभे केले आणि ते कैलासवासी जाहले, मग धाकटे सरकार फिरत्या गादीवर बसले, आणि फौजेचा बंदोबस्त, मालाची रवानगी, खाड्यांचा हिशेब हे सर्व कारभाऱ्यांच्या हाती गेले. ते पहिले यंत्र म्हणजे एक थोर प्रेस. पूर्वी तोफांस नावे असत तसे तिलाही नाव होते; सर्वजण तिला मोठी आक्का म्हणत. तिच्या तोंडापुढे लोखंडी जाळी असे. जाळी लावलेली असता हात आत जात नसे. बळवंत मिस्त्री हे थोरल्या सरकारांच्या वेळेपासून आक्काचे मानकरी. तिचा आवाज बदलला की ते जेवण टाकून उठत, आणि घरी कोणी विचारले तर म्हणत, "तिला आज बरं नाही."

त्या राज्यी एक रीत होती. खंडेनवमीस सर्व यंत्रे पुसून लख्ख करावी, झेंडूचे हार घालावे, आणि मग सरकारांच्या मातोश्री आईसाहेब, ज्यांस कामगार 'बाई' म्हणत, यांनी स्वहस्ते आक्कास हार घालून तिच्या कपाळी हळदकुंकू लावावे. आता आक्काचे कपाळ जाळीमागे, म्हणोन त्या दिवशी मिस्त्री जाळी काढून भिंतीशी ठेवीत, आणि आईसाहेब कुंकू लावीत, नारळ फुटे, आणि यंत्रास दुसऱ्या दिवशीपर्यंत विसावा असे. हार दसऱ्याच्या सकाळी उतरवायचा, मग जाळी चढवायची. घातलेला हार त्याआधी काढणे अशुभ मानीत. इतकी वर्षे ही रीत चालली आणि कोणाचे नख दुखावले नाही, कारण विसावा खरोखर विसावा असे.

ते वर्षी पूजा जाहली, पेढे वाटले, शिदू पाटोळे नामे मिस्त्रींचा जोडीदार आक्काकडे पाहून बोलिला, "मिस्त्री, आक्का नटली की आमच्या सासूबाईंसारखी दिसते. फक्त ही कमी बोलते." मिस्त्री हसले आणि डबा उचलून घरी निघाले, तो कारभारी आले आणि बोलिले की, माल कमी भरला आहे, गाडी दारात उभी आहे, एवढा एक गठ्ठा काढून द्या. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आज आक्काला विसावा आहे." कारभारी म्हणाले, "विसाव्यानं गाडी भरत नाही, मिस्त्री. थोरले साहेब असते तर तुम्ही नाही म्हटलं असतं का?" ते नाव निघाल्यावर मिस्त्रींनी डबा खाली ठेविला. शिदूने विचारले की जाळी चढवू का. जाळी चढवायची तर हार काढावा लागणार. मिस्त्री म्हणाले, "राहू दे. बाईंनी घातलाय. जपून करतो." आणि हात जोडून आक्का सुरू केली, आणि बराच माल निघाला, मग हादऱ्याने हार सरकून पत्र्यावर येऊ लागला. हार चिरडू नये म्हणोन मिस्त्रींनी तो डाव्या हाताने बाजूस धरिला, आणि पाय सवयीने पेडलवर गेला. हार वाचला. पुढचे लिहिण्याचे कारण नाही.

इस्पितळात मनगटापासून हात काढिला, तरी जखमेचे विष रक्तात उतरले आणि ताप हटेना. धाकटे सरकार भेटीस आले, खर्चाची काळजी करू नका म्हणाले, आणि डोळे पुसून गेले. ते खोटे नव्हते. मागाहून कारभारी आले ते मात्र मिस्त्रींच्या कानाशी वाकून बोलिले, आणि ते गेल्यावर मिस्त्रींनी कन्येस जवळ बोलाविले. कन्या शहरी महाविद्यालयात इतिहास शिकविते, तिच्या भाषणास लोक माना डोलावितात; तेथे ती कान पुढे करून बसली. मिस्त्री म्हणाले, "जाळी मी काढली होती गं. सरकारांवर बोल नको. कोर्टकचेरी नको." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी बरे व्हा." ते म्हणाले, "तू शब्द दे." तिने शब्द दिला नाही. पांघरूण नीट केले. त्यांनी ते ओळखिले आणि भिंतीकडे तोंड फिरविले. दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री वारले. शेवटपर्यंत ते इतकेच मानीत राहिले की हात गेला तो आपल्याच चुकीने.

तेराव्यास कारभारी पाकीट आणि एक लिहिलेला कागद घेऊन आले. कागदात मजकूर असा की सर्व हक्क पावले, आता मागणे नाही. कन्येची आई अनसूयाबाई डोळ्यांस पदर लावून सहीला बसल्या, तो कन्येने पेन काढून घेतले आणि म्हणाली, "आई, आज नको." कारभारी म्हणाले, "ताई, अविश्वास का? घरचीच माणसं आपण." ती म्हणाली, "घरच्या माणसांना सही कशाला लागते?" आणि त्यांस पाट देऊन जेवू घातले, कारण तेराव्यास आलेल्यास उपाशी परत पाठवीत नाहीत.

मग ती बेनाडीकर वकिलांकडे गेली. वकील बोलण्यात फटकळ पण मनाने स्वच्छ. सर्व ऐकून त्यांनी विचारले, "सही केलीत?" ती नाही म्हणाली. ते म्हणाले, "केली असती तरी मी लढलो असतो. मजुराचा हक्क असा कागदावर सोडवून घेता येत नाही. आणि माणूस कामावरच्या इजेनं मेला तर मालकानं भरपाई न्यायासनापुढे जमा करायची असते. वारसांच्या हातात परस्पर दिलेलं भरपाईत धरत नाहीत. इजा झाल्याचं मालकाला लेखी कळवलंत?" ती म्हणाली, "त्यांच्यासमोरच झाली." ते म्हणाले, "तरी कळवा. समोर झालेलं विसरायला लोकांना वेळ लागत नाही. आणि दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. रडून झाल्यावर जाऊ असं म्हणू नका, रडून होत नसतं." मग तिने खाली मान घालून ते सांगितले जे तिला सर्वांत जड होते, की जाळी वडिलांनी स्वहस्ते काढली होती. वकील म्हणाले, "बाई, हा कायदा चूक कुणाची हे आधी विचारतच नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली, एवढं दाखवायचं. जाळी जाणूनबुजून काढली ही सबब मालकाला आहे, पण ती इजा झालेल्या माणसापुढे. माणूस मेला, किंवा कायमचा पुरता निकामी झाला, तर ती सबब गळून पडते." कन्या म्हणाली, "म्हणजे हात जाऊन ते वाचले असते, तर चूक तुमचीच, हे त्यांना ऐकून घ्यावं लागलं असतं." वकील म्हणाले, "हो. तेव्हा भांडावं लागलं असतं." मग वकिलांनी चहा मागविला आणि पुढे म्हणाले, "पण दुसरी खोच आहे. ते म्हणतील, खंडेनवमीला यंत्रं बंद असतात हे सगळा गाव जाणतो. मिस्त्री स्वतःच्या हौसेनं गेले, काम नव्हतंच. तिथं साक्षीदार लागेल."

आणि तैसेच जाहले. अर्ज पोहोचला तसे राज्याकडून उत्तर आले की त्या दिवशी कारखान्यात काम नव्हते, हुकूम कोणी दिला नाही, मयताने आपल्या मर्जीने यंत्र चालविले. गाडीच्या रवानगीचा कागदही दुसऱ्या दिवसाच्या तारखेचा निघाला. कन्या शिदूच्या घरी गेली. शिदू दारातच उभा राहून म्हणाला, "ताई, मिस्त्रींनी मला हाताला धरून शिकवलं. पण माझी चूल तिथंच पेटते. पोरीचं लगीन काढलंय." ती म्हणाली, "मला कळतं." आणि वळली. तो चार पावले तिच्यामागे आला आणि हळू म्हणाला, "आणि कुणी बघितलं नाही असं नाही. बाई परत आल्या होत्या. कुंकवाचं चांदीचं पंचपाळं आक्कापाशी राहिलं होतं, ते न्यायला. आक्का चालू होती तेव्हा. मी बोललो नाही हे, बरं का."

मग कन्या आईसाहेबांकडे गेली. आईसाहेबांनी तिला झोपाळ्यावर बसविले, ताक दिले, आणि म्हणाल्या, "तुझी आई जेवते का नीट?" ती म्हणाली, "बाबांचं ताट घेते आधी, मग आठवतं." मग कन्येने सांगितले की तुम्ही जे पाहिले ते न्यायासनापुढे सांगावे अशी विनंती आहे. आईसाहेब म्हणाल्या, "माझ्या मुलाविरुद्ध?" सोपे उत्तर देता आले असते. कन्या म्हणाली, "हो. त्यांच्याविरुद्धच होईल ते." आईसाहेब ताकाच्या भांड्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बळवंत या घरी आला तेव्हा त्याला मिसरूड नव्हतं. माझ्या या पोराला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा." एवढे बोलून उठल्या आणि देवघरात गेल्या. वचन दिले नाही. कन्येने ओळखिले की वचन न देणे म्हणजे काय असते, कारण तिनेही एकदा तेच केले होते.

पुढे तारखा पडत गेल्या, आणि कारभाऱ्यांनी शपथेवर सांगितले की हुकूम दिला नाही. सरकारांच्या वकिलांस वाटले की पूजेची रीत घरच्या वडीलधाऱ्या तोंडून यावी, म्हणजे विसाव्याची गोष्ट पक्की होईल, म्हणोन त्यांनी आपण होऊन आईसाहेबांस साक्षीस बोलाविले. त्या काठी टेकीत आल्या, मागच्या बाकावर शिदूही येऊन बसला. वकिलांनी आदरे विचारले, "खंडेनवमीला यंत्रं बंद असतात, हे खरं ना?" आईसाहेब म्हणाल्या, "असावीत. तशी रीत आहे." वकिलांनी विचारले, "आणि त्या दिवशीही पूजेनंतर बंदच होती?" आईसाहेबांनी धाकट्या सरकारांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "नाही. मी पंचपाळं न्यायला परत गेले, तेव्हा मोठी आक्का चालू होती. बळवंत पुढ्यात होता, आणि कारभारी बाजूला उभे राहून गाडीवाल्याला 'आत्ता देतो' म्हणत होते. मी विचारलं, आज काम कसं? तर म्हणाले, थोडंच आहे, बाईसाहेब, तुम्ही चला." तेव्हा सरकारांच्या वकिलांनी घाईने पुसले की जाळी मयताने स्वतः काढली, हे तरी खरे की नाही. न्यायासनावरून आज्ञा जाहली की मृत्यूच्या दाव्यात त्या प्रश्नाचे कारण नाही, उत्तर दिले नाही तरी चालेल. आईसाहेब म्हणाल्या, "कायद्याला नसेल. मला द्यायचंय. जाळी त्यानं काढली ती माझ्या कुंकवासाठी. मीच सांगितलं होतं, दरवर्षी सांगते. त्या दिवशी ती भिंतीशी टेकलेली मी पाहिली. पंचपाळं उचललं आणि 'जाळी लावा' एवढं म्हणायचं राहिलं. त्याला वाटलं असेल हार काढला तर बाईंना वाईट वाटेल. बाईंना काही वाटलं नसतं." यानंतर शिदू न बोलाविता उभा राहिला आणि म्हणाला की मलाही सांगायचे आहे.

न्यायासनाने निकाल दिला की मिस्त्री राज्याच्या कामावर, राज्याच्या हुकुमाने असता जखमी जाहले आणि त्याच जखमेने वारले. भरपाई व्याजासुद्धा न्यायासनापुढे जमा व्हावी आणि तेथून पत्नीस पावावी. तैसे जाहले. कारभारी दुसऱ्या राज्यी गेले. शिदूची चूल विझली नाही, ही आईसाहेबांची तजवीज. बाहेर पायऱ्यांवर धाकटे सरकार कन्येपुढे येऊन उभे राहिले. अनसूयाबाई म्हणाल्या, "उन्हात उभा राहू नकोस रे. आईला घेऊन घरी जा."

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पुन्हा खंडेनवमी आली. आईसाहेबांनी अनसूयाबाईंस व कन्येस मानाने बोलाविले. अनसूयाबाई गेल्या नाहीत, कन्या गेली. आक्का पुसून लख्ख होती आणि तिच्या तोंडापुढे जाळी चढविलेली होती; हार जाळीवरून बाहेर सोडला होता. विजेची मुख्य कळ खाली ओढून तिला कुलूप घातले होते, आणि किल्ली शिदूच्या गळ्यात. आईसाहेब पुढे जाहल्या आणि जाळीवरच कुंकू लावू लागल्या. जाळीस कुंकू धरेना. बोट टेकिले की ते भोकांतून आत गळे आणि खाली सांडे. शिदू म्हणाला, "बाई, क्षणभर काढू का?" आईसाहेब म्हणाल्या, "नको. सांडू दे." आणि पंचपाळे कन्येपुढे धरिले. तिनेही लाविले. तेही सांडले.

एवं जो हात कामावर गेला, त्याच्या घरच्यांनी भरपाई मागावी, वेळेत मागावी, आणि मागण्यात मेलेल्याचा अपमान मानू नये. मिस्त्री दोष आपल्याकडे घेऊन गेले. त्या दोषातला आपापला वाटा मागे राहिलेल्यांनी उचलिला, त्यास दोन वर्षे लागली. हे त्यांच्या कानी घालता आले नाही, म्हणोन लिहून ठेविले. इति.