इंदूबाईंचा खांदा फत्ते जाहला त्याची हकीकत

"हादरा लागला की आधी अंगण गाठ, पदर मागून सावर," ऐसी आज्ञा वैकुंठवासी सासूबाई नीलाबाई यांनी किल्लारीकडील भूकंपाच्या पहाटे केली, ती सूनबाई इंदूबाईंनी शिरसावंद्य मानिली, आणि पुढे लातुरास पक्के घर जाहले तरी ट्रक जाऊन तावदान वाजले की बाईसाहेब अंगणात हजर. ऐशा आज्ञाधारक बाईंस यंत्राच्या भुयारात निश्चल निजणे प्राप्त जाहले, ते वर्तमान कुळस्वामिनीस स्मरून लिहिले असे.

कन्या भार्गवी नांदेडास डाक्टरकीची थोर पदवी संपादीत होती. तिने प्रबंधाचा विडा उचलिला की, धडधाकट मनुष्याच्या खांद्यात हाडाहाडांमध्ये फट किती, हे एमआरआय यंत्राने मोजावे. कारण निरोग्याचे माप ठाऊक नसता रोग्याची फट घटली हे कोणत्या तोंडाने सांगावे? मग मुलूख धुंडून खांदे जमा केले, आणि ऐन मुदत सरत आली असता एक खांदा उणा पडला.

तेव्हा तीर्थरूप माधवरावांनी आपला खांदा नजर केला. हे लातूरच्या शिकवण्यांच्या दौलतीतील रसायनशास्त्राचे सरनोबत. फळ्यावर खडू चालवून बहुत पोरे डाक्टरकीच्या गडावर चढविली. भार्गवीने हात उंच करविला, तो कानापाशी अडला.

"बाबा, हा तर दुखून राहिलाय. मला धड खांदा पाहिजे."

"मग तुझ्या आईला घाल त्यात. गव्हाचं पोतं एकटी ओढती ती," ऐसे फर्मावून माधवराव रुसले.

मग इंदूबाईंची स्वारी नांदेडास यंत्रमहाली दाखल जाहली. तेथे धातूस सक्त मनाई, सबब मंगळसूत्र उतरविले आणि पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधिले. सौभाग्यलेणे खिशात घालणे अशुभ, म्हणोन ते माधवरावांनी स्वतःच्या गळ्यात धारण केले. यंत्राचा कारभारी भुजंग हा त्यांचाच जुना विद्यार्थी. "सर, तुम्ही मात्र दाराबाहेरच थांबा," इतके अदबीने बोलून तो भिंतीकडे तोंड करून हसू लागला.

पहिले हल्ल्यास यंत्र धडधडले, बाईंस ती पहाट आठवली, हातातील इशाऱ्याचा रबरी फुगा कचकन दाबला, आणि बाहेर ओढताच बाई ज्या निघाल्या त्या थेट पटांगणातील लिंबाखाली. तेथे पदर सावरू गेल्या, तो पदरच नाही. अंगावर दवाखान्याचा झगा. बहुत शिकस्त जाहली.

भार्गवी शेजारी येऊन बसली. "आई, राहू दे. सहा महिन्यांनी देईन परीक्षा."

पोरीचा उतरलेला चेहरा पाहून बाई हळूच म्हणाल्या, "जपाला बसले तर मेरुमणी येईपर्यंत मी उठते का गं?"

"न्हाई. दारात पाव्हणे आले तरी न्हाई."

"मग पळीभर पाणी आण. संकल्प सोडते."

माधवरावांचाही रुसवा गेला, आणि त्यांनी करार केला की, इंदू न हालता परतली तर कार्तिकभर पहाटे पिंपळाला पाणी आपण घालू.

मग लिंबाच्या बुडाशी उदक सोडून बाई पुन्हा भुयारात शिरल्या. तुळशीची माळ लाकडाची, सबब भुजंगाने ती उजव्या हाती राहू दिली, आणि डाव्या खांद्यावर मोर्चा लाविला. यंत्राने तोफा डागिल्या. बाईंनी नाम सोडिले नाही. धरणी हालल्याचा भास जाहला. बाई हालल्या नाहीत. शेवटी यंत्रच थकून गप्प जाहले.

"काकू, झालं. उठा."

बाई उठेनात. भुजंगाचा रंग उडाला. "ओ काकू?"

भार्गवीने वाकून पाहिले. "थांब रे, मेरुमणी यायचाय तिचा." मग यंत्र, कारभारी आणि बाहेरील रोगी मंडळी, सर्व ताटकळत राहिली.

तसबीर निवळशंख उतरली. भार्गवीने फट मोजून यथास्थित निरोगी म्हणोन दाखल केली, आणि प्रबंध मुदतीत रुजू जाहला. आपले नाव छापू नये, दृष्ट लागते, इतकीच ताकीद बाईंनी दिली. येणेप्रमाणे खांदा फत्ते जाहला.

कार्तिकाचे पहिले पहाटे बाईसाहेब निजल्या असता माधवराव उठले. तांब्या डाव्या हाती घेतला, दुखऱ्या उजव्याने कडी आवाज न करिता काढिली, आणि अनवाणी पिंपळाकडे निघाले.