दैफल्लाच्या दारची कॉफी

आमच्या ऐन बुत्म गावात माझ्याइतका शब्दाचा पक्का माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव मला अबू मुतज्ज म्हणतं. माझ्या पाठीमागे काय म्हणतं तेही मला ठाऊक आहे, आणि त्याची मला फिकीर नाही! मी बोललो की बोललो. म्हणूनच त्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात, अर्धी दाढी झालेली असताना, मी खुर्चीतून उठलो आणि भरल्या दुकानात जाहीर केलं, "यंदाची मॅरेथॉन मी पळणार. पूर्ण पळणार. आणि त्या दैफल्लाच्या दारावरून मान न वळवता जाणार!"

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "दैफल्लाचं दार म्हणजे, त्या चढावरचं?"

"चढावरचंच!"

"अबू मुतज्ज, तुम्ही पलीकडच्या गल्लीत मेव्हण्याकडे जायलाही गाडी काढता."

सगळं दुकान हसलं. हसा लेकांनो, म्हटलं, हसा!

दैफल्ला कोण ते सांगतो. माझ्या मुतज्जच्या लग्नात मी गावाला मन्सफ घातला. मटण मऊसूत, भात मोकळा, आणि रश्श्यासाठी मेंढीच्या दह्याचे वाळवलेले गोळे मी स्वतः करकला जाऊन, हुंगून, पारखून आणलेले. आणि या दैफल्लाने पहिला घास तोंडात टाकून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात काय म्हणावं? "रस्सा डब्यातला दिसतोय!"

डब्यातला! तेव्हापासून चार वर्षं आमचा सलाम बंद. तो समोरून आला की मी रस्ता बदलायचो, मी मशिदीत पुढे बसलो की तो मागे बसायचा. दोन्ही घरच्या बायकांनाही एकमेकींशी बोलायची आम्ही बंदी घातली. वैर करायचं तर नीट करावं.

आता मॅरेथॉन ऐन ऑगस्टात का, असं तुम्ही विचाराल. आखातात नोकरीला गेलेली पोरं त्याच महिन्यात सुट्टीवर गावी येतात. गाव कसं पुढे चाललंय हे त्यांना दिसावं, अशी आमच्या नगराध्यक्षांची कल्पना. "डोंगरातलं गाव आहे, हवा थंडच असते," असं ते म्हणाले. हे म्हणताना ते वातानुकूलित खोलीत बसले होते.

सहा महिने मी सराव केला. सुरुवातीला कुत्री मागे लागायची. पुढे पुढे त्यांनाही माझी दया आली असावी, नुसती बघत बसायची. आमची उम्म मुतज्ज, म्हणजे मुतज्जची आई, रोज दारात उभी राहून म्हणायची, "अहो, ऐन तरुणपणी गॅसचं सिलिंडर आणायला सांगितलं तरी तुम्ही उठत नव्हता. आता काय संचारलंय?"

"तू बघच!"

"बघतेच आहे. शेजारीपाजारीही बघताहेत. निदान शर्ट तरी लांब घाला."

शर्यतीच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. खाली दरीत उतरायचं, ऑलिव्हच्या बागांतून पलीकडच्या डोंगरावर चढायचं, परत दरीत, आणि शेवटी दैफल्लाच्या घरावरून जाणारा तो चढ. तो पार केला की गावच्या चौकापर्यंत उतारच उतार. आखातवाली पोरं माझ्या शेजारून सुसाट निघून गेली. एकेकाच्या पायात माझ्या महिन्याच्या कमाईचे बूट! पण ऊन डोक्यावर आलं तेव्हा तीच पोरं ओकच्या सावलीत आडवी पडून आयांना फोन करत होती, "गाडी पाठव गं!" मी त्यांच्या समोरून गेलो. मुद्दाम हात हलवत गेलो! माझं टायरचं दुकान आहे. हवा असेपर्यंत चाक फिरत राहतं, एवढंच आयुष्यात शिकलोय.

हवा चढाच्या पायथ्याशी संपायला लागली.

तिथेच मला ज्येष्ठांची फेरी भेटली. नगरपालिकेने म्हाताऱ्यांसाठी छोटीशी फेरी ठेवली होती. पाच जण, सगळे काळ्या झग्यात आणि लाल रुमालात, आणि त्यांतला सगळ्यात पुढचा हाज्ज मुतलक. हाज्ज मुतलक म्हणजे आमच्या भागातल्या प्रत्येक जाहाचा म्होरक्या. मुलीला मागणी घालायची असो की दोन घरांतलं वैर मिटवायचं असो, चार वजनदार माणसं घेऊन समोरच्याच्या दारात जायचं, त्याला आम्ही जाहा म्हणतो. यजमान कॉफी देतो. ती प्यायची नाही, कप खाली ठेवायचा. मग तो म्हणतो, "कॉफी प्या, मागाल ते दिलं." मगच प्यायची. हाज्जीने आयुष्यात इतके कप खाली ठेवलेत की त्याला गरम कॉफीची चव आठवत नसेल.

"चल, अबू मुतज्ज, आम्ही आहोत मागे," तो म्हणाला. मी पुढे, ते मागे. माझं तेव्हाचं पळणं म्हणजे म्हाताऱ्यांना सहज जमेल असं चालणंच होतं, हे मान्य करतो.

चढ संपता संपता, बरोब्बर दैफल्लाच्या फाटकापाशी, माझ्या पोटरीत गोळा आला. असा आला की मी "या अल्ला!" म्हणून फाटकच धरलं. मान खाली, डोळ्यांतून पाणी, छातीचा भाता झालेला. मागून पाचही म्हातारे आले आणि धापा टाकत माझ्या पाठीशी रांगेत उभे राहिले. त्यांनाही टेकायला काहीतरी हवंच होतं.

ओसरीवर दैफल्ला मुलाबाळांसह शर्यत बघत बसला होता. तो हळूच उभा राहिला.

"या," तो म्हणाला. चार वर्षांत पहिला शब्द! "आत या. दार तुमचंच आहे."

मी मान वळवली नाही. खरं तर वळतच नव्हती. तेवढ्यात हाज्जी माझ्या कानाशी लागला. "अरे, मला आधी सांगायचं तरी! मी चांगला झगा घालून आलो असतो."

"क... कशाला?"

"बरं, राहू दे. ताठ उभा राहा."

दोघांनी मला बगलेत धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. पाणी मागावं असं फार वाटत होतं. पण दैफल्लाकडे पाणी मागायचं? त्यापेक्षा जीव गेलेला बरा! तेवढ्यात तो स्वतः कॉफीची किटली घेऊन आला आणि पहिला कप त्याने माझ्या हातात दिला. वेलदोड्याचा काय वास सुटला होता! घसा सुकून लाकूड झालेला. पण मी शब्दाचा माणूस. याच्या घरची कॉफी मी पिणार? मी तो कप समोरच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटला!

ओसरीवरच्या साऱ्यांच्या नजरा त्या कपावर खिळल्या.

हाज्ज मुतलकने माझ्याकडे पाहिलं, समजूतदारपणे मान डोलावली आणि आपला कप खाली ठेवला. बाकीच्या चौघांनीही ठेवला. टक, टक, टक, टक. आणि तेव्हा, फार उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला.

"हाज्जी, नाही! मी..."

हाज्जी उभा राहिला होता. एकदा तो उभा राहिला की त्याला बसवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. "अबू शिहाब," त्याने दैफल्लाला हाक मारली, "चुका माणसाकडूनच होतात. या माणसाकडे बघ! गाडीतून येऊ शकला असता, आला नाही. पायी आला! उन्हातून, डोंगर तुडवत, अनवाणी..."

"बूट आहेत!" मी ओरडलो.

"...जवळजवळ अनवाणी! स्वतःच्या वयाचा विचार केला नाही. पोटाचा विचार केला नाही. छातीवर नंबर लावून आलाय, कैद्यासारखा! याहून माणसाने किती वाकायचं?"

"अहो, मी मॅरेथॉन..."

"बघा, कंठ दाटून आलाय त्याचा!"

दैफल्लाने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. बाजूच्या भिंतीवर बसलेल्या बायकाही डोळे पुसायला लागल्या. "कॉफी प्या," तो म्हणाला. "मागाल ते दिलं. आणि अबू मुतज्ज, चूक माझी होती. रस्सा चांगला होता. डब्यातला नव्हता."

खोटं कशाला बोलू? मला भरून आलं. चार वर्षं याच एका वाक्यासाठी मी तळमळलो होतो. रात्री उशीवर डोकं ठेवलं की मनात त्याच्या तोंडून हेच वदवून घ्यायचो. पण हा बेटा मी पाय धरायला आलोय असं समजून बोलत होता! माझं रक्त उसळलं. "मी माफी मागायला आलेलोच नाही..." एवढं बोलतोय तोच हाज्जीने, चेहऱ्यावरचं हसू जराही ढळू न देता, शेजारी बसत टेबलाखालून माझी पोटरी धरली. नेमकी तीच पोटरी!

"पी," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "पाच म्हाताऱ्यांची शोभा केलीस तर हा चढ तुला पुन्हा चढायला लावीन."

मी प्यालो. पण तोंड वाकडं करून प्यालो! दुसरा कपही वाकड्या तोंडानेच प्यालो. तिसऱ्याला मात्र तोंड दुखायला लागलं होतं.

"आता बकरं कापतो," दैफल्ला म्हणाला.

"आधी शर्यत!" मी उठलो. शब्द अजून अर्धा शिल्लक होता. दारापाशी मान नसेल राखता आली, पण मॅरेथॉन पुरी करणं माझ्या हातात होतं, आणि ती केल्याशिवाय मी त्या न्हाव्याला तोंड दाखवणार नव्हतो.

"अवश्य. चल, तुला पोचवतो."

"कुठे?"

"पाहुणा माझ्या दारातून एकटा जाईल? लोक काय म्हणतील!"

फाटकापर्यंत आला. मग कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाला, "अजून थोडं." अंगात पायघोळ दिशदाशा, पायांत चपला, आणि बाबा माझ्यापेक्षा जोरात चालतोय! दर वळणावर थांबायचा, कमरेवर हात ठेवून माझी वाट बघायचा आणि प्रेमाने म्हणायचा, "सावकाश ये, घाई नाही." इतका अपमान मला चार वर्षांच्या वैरातही झाला नव्हता!

चौक दिसला. रस्त्यावर पांढरी रेषा, वर कमान, आणि रेषेपलीकडे पदकं वाटणारी रनीम नावाची कॉलेजातली पोरगी. तिच्या हातात शेवटची दोनच पदकं उरलेली. "काका, पळा! वेळ संपतेय, घड्याळ बंद करणार आहेत!"

मी पळालो. खरंच पळालो! रेषा एका पावलावर आली, आणि दैफल्लाने थांबून, वाकून, हात पुढे केला. "तफद्दल. तू आधी."

बघा हं, हा माणूस केवढा लबाड! मला माफ केलं, कॉफी पाजली, वळणावळणावर थांबला, आणि आता सगळ्या गावासमोर 'तू आधी' म्हणून वर आणखी उपकार! मोठेपणात मी याच्यापुढे हरू? शक्यच नाही. मी पाऊल मागे घेतलं. "छे, छे! आधी तू."

"तू पाहुणा आहेस."

"कसला पाहुणा? हा रस्ता नगरपालिकेचा आहे! तू वयाने मोठा."

"एका वर्षाने!"

"वर्ष काय रस्त्यावर पडलंय? जा!"

"काका, ही शर्यत आहे!" रनीम रडकुंडीला आली.

"तू मधे बोलू नकोस, पोरी!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

दैफल्लाने छातीवर हात मारला. "तू माझ्या आधी गेला नाहीस, तर माझ्या बायकोला तलाक!"

आमच्याकडे पुरुष पाण्याच्या पैशांवरून दुकानदाराशी वाद घालतानाही ही शपथ घेतात. बायकोला विचारतो कोण? मीही छाती ठोकली. "आणि तू माझ्या आधी गेला नाहीस, तर माझ्या बायकोला तलाक!"

मग गर्दीतून उम्म मुतज्ज पुढे आली. तिच्या शेजारी दैफल्लाची उम्म शिहाब. चार वर्षं बोलायची बंदी असलेल्या त्या दोघी एकाच पुडीतून भोपळ्याच्या बिया खात होत्या!

"म्हणजे हे आधी गेले तर मला तलाक," आमची म्हणाली.

"आणि ते आधी गेले तर मला," उम्म शिहाब म्हणाली.

"दोघं एकदम गेले तर?"

"तर दोघींना." उम्म शिहाबने दाताखाली एक बी फोडली. "वाईट नाही. अकाबाला माझ्या बहिणीकडे जाऊ. समुद्र आहे."

आणि दोघी विचारात पडल्या. गंमत नाही सांगत, खरोखर विचारात पडल्या! मला उन्हाने आला नव्हता तेवढा घाम तेव्हा आला.

शेवटी उम्म मुतज्जने सुस्कारा सोडला. "जाऊ दे. घरी कणीक भिजवून ठेवलीय. अहो, हा नंबर पलीकडे गेला की झालं ना? वाका जरा." तिने माझ्या छातीवरच्या टाचण्या काढल्या, नंबर स्वतःच्या छातीवर टोचला, उम्म शिहाबच्या हातात हात घातला, आणि दोघी बिया खात खात रेषेपलीकडे गेल्या. रनीमने आनंदाने किंचाळून दोघींच्या गळ्यात पदकं घातली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! आखातवाल्या पोरांनी चित्रफीत काढली. घड्याळ बंद झालं.

आम्ही दोघं अलीकडेच उभे होतो.

शपथेला मुदत नसते, असं हाज्ज मुतलकचं मत पडलं. त्यामुळे मी आणि दैफल्ला आजही त्या रेषेवरून जात नाही. पोस्टात जायचं तर मागच्या गल्लीतून वळसा घालतो. बऱ्याचदा बरोबरच घालतो, आणि वाटेत भांडतो. नगरपालिकेने आयुष्यात एकच काम चांगल्या रंगाने केलंय, ती रेषा काही पुसली जात नाही!

पण एक सांगून ठेवतो. बेचाळीस किलोमीटर मी पळालोय. एक पाऊल कमी! ते पाऊल मी टाकू शकलो नाही असं नाही, मी टाकलं नाही! हे कुणाला पटो न पटो.

उम्म मुतज्जने पदक बैठकीच्या खोलीत, दारातून आल्या आल्या दिसेल असं टांगलंय. पाहुणे विचारतात. ती ओढणीने ते पुसत म्हणते, "डोंगरातली मॅरेथॉन हो. फार ऊन होतं त्या दिवशी." पाहुणे माना हलवतात, कौतुक करतात, आणि मग माझ्या पोटाकडे बघून विचारतात, "आणि अबू मुतज्ज, तुम्ही नाही का कधी प्रयत्न केला?"