करवंदाच्या जाळीपुढची सभा

एका जंगलात, जिथे एकही झाड कुणी लावलेलं नव्हतं, तिथे झाडं लावणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचं नाव 'हिरवाई स्वयंसेवक मंडळ'. आता तुम्ही विचाराल, जंगलात झाडं आपली आपण येतात, मग मंडळ कशाला? मुलांनो, असे प्रश्न विचारणाऱ्यांना त्या मंडळात घेत नसत. तेव्हा गप्प बसा आणि ऐका.

मंडळाचे अध्यक्ष होते भाऊसाहेब. ते रानरेडे होते. अंगाने एवढे थोराड, की ते एकटे आले तरी सभा भरल्यासारखी वाटे. चिटणीस होता खंडूअण्णा नावाचा रानडुक्कर. आणि मार्गदर्शक होत्या नलूताई भेकर. भेकर म्हणजे छोटंसं हरीण. दिसायला अगदी नाजूक, पण आवाज असा, की तुम्ही ऐकलात तर कुत्रं भुंकलं म्हणाल.

दर रविवारी सकाळी मंडळ ओढ्याकाठी जमायचं. जंगलात रविवार कसा कळतो? सोपं आहे. ज्या दिवशी मंडळ जमे, तो रविवार. मग श्रमदान व्हायचं, म्हणजे श्रमदानावर भाषण व्हायचं. कधी बियाणं वाटप असायचं. खंडूअण्णा तोंडात बिया घेऊन वाटायला निघायचा आणि अर्ध्या वाटेवरूनच तृप्त होऊन परत यायचा. शिवाय एक साळुंकी रोज उजाडताच प्रत्येकाच्या कानाशी जाऊन 'सुप्रभात, आज एक तरी रोप लावा' असं ओरडायची. ती कुणालाच आवडत नसे, पण तिला गप्प बस म्हणायची हिंमतही कुणाला होत नसे.

मंडळाचा एक नियम मात्र फार कडक होता. एखाद्या झाडाची चर्चा सुरू झाली, की एकमत झाल्याशिवाय सभा मोडायची नाही. भूक लागली तर आळीपाळीने चरून यायचं. अंधार पडला तर घरी जायचं, पण उजाडलं की पुन्हा त्याच जागी बसायचं. हा नियम भाऊसाहेबांनी केला होता. पूर्वी एकदा त्यांचं भाषण चालू असताना सगळे उठून गेले होते, ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

आता आपली शेवंती येते. शेवंती ही सशीण. रानातल्या सशाला बीळ नसतं, पुस्तकातल्या चित्रांवर जाऊ नका. तो एखाद्या दाट जाळीखाली अंग चोरून बसतो, तेच त्याचं घर. गेल्या उन्हाळ्यात वणवा लागला आणि माळाकडच्या बहुतेक जाळ्या जळाल्या. उरलेल्या तीन जाळ्यांपैकी एकीत कोल्हा राहत होता, दुसरीत घोरपड. तिसरी होती करवंदाची, तीही विरळ. ती शेवंतीच्या वाट्याला आली.

शेवंतीला पिल्लं व्हायची होती. आणि माळावर रोज एक घार घिरट्या घालत होती. घारीला वरून सगळं दिसतं. जाळी दाट झाली नाही, तर पिल्लांचं काय होणार हे शेवंतीला पक्कं माहीत होतं. म्हणून ती मंडळाकडे गेली.

"माझी जाळी तेवढी दाट करून द्या. वरून आतलं दिसू नये, एवढंच," ती म्हणाली.

भाऊसाहेब म्हणाले, "झालंच समज. दहा दिवसांत तुझी तुला ओळखू येणार नाही जाळी."

हे मात्र त्यांनी अगदी खरं सांगितलं.

पहिल्या दिवशी नलूताई आल्या. त्यांचं मत असं, की झाड वाढवायचं तर आधी छाटायचं. शेंडे खुडले की बाजूने फांद्या फुटतात. हे खोटं नाही मुलांनो, माळ्याला विचारा. पण माळी चार शेंडे खुडून थांबतो. नलूताई थांबल्या नाहीत. एकेक कोवळी पालवी त्यांनी मन लावून खुडली, आणि खुडलेलं वाया जाऊ नये म्हणून खाल्ली. संध्याकाळी जाळीला पानं कमी आणि काटे जास्त उरले.

दुसऱ्या दिवशी खंडूअण्णा आला. तो म्हणाला, "मी काय म्हणतो, वरवरच्या छाटणीनं काय होत नाय. मुळाला वारा लागला पायजे." आणि त्याने नाकाने खुरपायला सुरुवात केली. मातीत किडे निघाले, गड्डे निघाले, दोन-चार मुळंही निघाली. मातीत काय काय असतं याचा अभ्यास केल्याशिवाय सल्ला देता येत नाही, असं सांगून त्याने तो सगळा अभ्यास गिळला.

तिसऱ्या दिवशी स्वतः अध्यक्ष आले. त्यांनी शिंगाने ओढ्यापासून पाट काढला आणि जाळीभोवती पाणी सोडलं. चिखल झाला. ओलावा पुरेसा आहे की नाही हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून भाऊसाहेब त्यात बसले. दुपारभर बसले. उठले तेव्हा निम्मी जाळी त्यांच्याखाली सपाट झाली होती.

तुम्ही म्हणाल, शेवंतीने त्यांना थांबवलं का नाही? मुलांनो, पगारी माणसाला बोलता येतं. फुकट राबणाऱ्याला कसं बोलायचं? बिचारे आपला वेळ काढून येत होते. शेवंती रोज त्यांना कोवळं गवत पुढे करायची, आभार मानायची, आणि ते गेले की जाळीकडे बघून रडायची.

असे आठ दिवस गेले. तिघांचं अजून सगळ्या बाबतींत एकमत होतं. एकाने छाटायचं, दुसऱ्याने उकरायचं, तिसऱ्याने बुडवायचं, यात कुणाचा कुणाला विरोध नव्हता. नवव्या दिवशी पहाटे शेवंतीला तीन पिल्लं झाली. तोवर जाळीच्या पाच काड्या उरल्या होत्या. वरून पिल्लांचे कान मोजता आले असते.

आणि ऊन वर आलं तशी घार आली.

ती खाली झेपावली तेव्हा शेवंती पिल्लांवर आडवी पडली. तिने डोळे मिटले. ती इतकी घाबरली होती, की तिला पळावंसंही वाटलं नाही. तेवढ्यात धप्‌ धप्‌ असा आवाज आला. मंडळ पाहणीसाठी आलं होतं. भाऊसाहेबांचं ते अवाढव्य धूड मध्ये आलेलं पाहून घार वळली आणि लांब एका वाळक्या ऐनाच्या झाडावर जाऊन बसली.

मंडळाने घार पाहिलीच नाही. त्यांनी जाळी पाहिली.

"हे कुणी केलं?" नलूताईंनी विचारलं.

इथून सभेला सुरुवात झाली. नलूताई म्हणाल्या, मुळं उकरली म्हणून असं झालं. खंडूअण्णा म्हणाला, वरून खुडून खुडून जाळीचा जीवच काढला. भाऊसाहेब म्हणाले, पाणी कमी पडलं. तिघेही जाळीभोवती उभे राहून बोलू लागले. तासभर बोलले. शेवंतीने हळूच एक डोळा उघडला. घार ऐनावर होती. तिने एकदा पंख पसरले, नलूताई जोरात भुंकल्या, तिने पंख मिटले.

पण थोड्या वेळाने घात झाला. तिघांचं एकमत होऊ लागलं. दोष जाळीचाच आहे, असं ठरत आलं. इतका चांगला सल्ला पेलण्याची तिची लायकीच नव्हती, असं भाऊसाहेब म्हणाले आणि दोघांनी माना डोलावल्या. आता सभा मोडणार.

मग शेवंती उभी राहिली आणि अदबीने म्हणाली, "एक विचारू का? छाटणी आधी झाली म्हणून बिघडलं, की खुरपणी आधी व्हायला हवी होती?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खंडूअण्णा खाली बसला. नलूताई खाली बसल्या. भाऊसाहेब तर बसण्याचीच वाट पाहत होते. अंधार पडेपर्यंत सभा चालली, आणि अंधारात घारीला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने विचारलं, पाणी सकाळी घालावं की संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी विचारलं, शेणखत ओलं बरं की वाळलेलं, आणि कुणाचं. त्या 'कुणाचं'वर अख्खा दिवस गेला. भाऊसाहेबांना वाटलं आपलं घेतील, नलूताईंनाही आपल्या लेंड्यांचा अभिमान होता. रोज उजाडताच तिघे हजर. रोज मध्ये जाळी, जाळीत पिल्लं, भोवती मंडळ आणि ऐनावर उपाशी घार.

शेवंतीला हळूहळू अंदाज आला. सकाळी एक साधा प्रश्न पुरतो. दुपारी सगळे पेंगायला लागले की थोडं डिवचावं लागतं. संध्याकाळी मात्र काही बोलायचं नाही, प्रश्न तसाच राहू द्यायचा. फार झालं तर कुणीतरी रुसून निघून जाईल. कमी झालं तर एकमत होईल. इतकी निगा त्या जंगलात आजवर कुणी कशाची राखली नव्हती.

सगळ्यात मोठं संकट सभेच्या बाराव्या दिवशी आलं. खंडूअण्णा दमला होता. तो उठून म्हणाला, "जाऊ द्या आता. मुळं मीच खाल्ली. चूक माझी हाय."

मोठी माणसं चूक कबूल करत नाहीत असं तुम्ही ऐकलं असेल, आणि ते बहुतेक खरंच आहे. पण एखादा दिवस वाईट उगवतो. चूक सापडल्यावर चर्चा कशाला उरते? भाऊसाहेबांनी उठण्यासाठी पुढचे पाय रोवले. ऐनावर घारीने मान उंचावली. पिल्लं अजून नीट धावत नव्हती.

शेवंती खंडूअण्णाकडे वळली. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते, त्यासाठी तिला काही करावं लागलं नाही. "अण्णा, केवढं मोठं मन तुमचं," ती म्हणाली. "एवढं मोठं मन मंडळात दुसऱ्या कुणाचं नसेल."

भाऊसाहेब परत खाली बसले. ते घसा खाकरून म्हणाले, की चूक कबूल करायचीच झाली तर अध्यक्षांची चूक पहिली. चिटणिसाने मध्ये पडू नये. नलूताई म्हणाल्या, की छाटणी सगळ्यात आधी झाली, तेव्हा मूळ चूक त्यांची, ती दुसऱ्या कुणी लाटू नये. मग माझी चूक मोठी की तुझी, यावर जी चर्चा पेटली, ती आठ दिवस विझली नाही. ते आठ दिवस शेवंतीला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. ती पहिल्यांदाच दुपारची झोपली.

विसाव्या दिवशी पिल्लांनी माळावर धाव मारली. एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मध्येच गिरकी घेऊन उलटं. घारीने दोनदा झेप घेतली आणि दोन्ही वेळा तिच्या पायात गवत आलं. मग ती दुसऱ्या माळाकडे निघून गेली. शेवंती ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, आणि मग आनंदाने एवढी उंच उडाली, की साळुंकी 'सुप्रभात' म्हणायची विसरली.

या सगळ्या दिवसांत जाळीला कुणी छाटलं नव्हतं, उकरलं नव्हतं, बुडवलं नव्हतं. कुणाला सवडच नव्हती. तिला बुंध्यापासून नवे फुटवे आले होते. भाऊसाहेबांना ते दिसले तेव्हा ते म्हणाले, "बघा. शेवटी आपल्या सल्ल्याचा गुण आलाच." यावर तत्काळ एकमत झालं आणि सभा संपली.

मंडळाने शेवंतीचा सत्कार केला. तिला मंडळाची सल्लागार नेमलं. पुढच्याच रविवारी माळावरची एक तित्तिरीण तिच्याकडे आली. तिची अंडी उघड्यावर होती आणि तिचं झुडूपही विरळ होतं. झुडूप वाढवायला काय करू, असं तिने विचारलं.

शेवंतीने ओढ्याकाठी पाहिलं. भाऊसाहेब, खंडूअण्णा आणि नलूताई तिथे नव्या कामाची वाट बघत बसले होते.

"झुडपाला हात लावू नकोस," ती हळूच म्हणाली. "मंडळाला मात्र आजच बोलाव. आणि बसवताना त्यांची तोंडं झुडपाकडे नको, एकमेकांकडे करून बसव."

तात्पर्य : आपलं रोप जगावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जाणकारांचा सल्ला अवश्य घ्यावा. फक्त जाणकारांचं एकमत होणार नाही, याची काळजी घ्यावी.