कोरी चिठ्ठी म्हणजे भारी

टीकेशिवाय कला वाढत नाही, यावर जगातल्या सर्व कलावंतांचे एकमत आहे. टीका कोणाच्या कलेवर व्हावी, एवढाच किरकोळ प्रश्न शिल्लक होता, आणि तो आमच्या मंडळाने सहा वर्षांपूर्वी निकालात काढला. कसा काढला, हे इतर मंडळांनाही उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. (मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. पायऱ्या गाळायची सवय नाही.)

आमचे मंडळ डेमो करणाऱ्यांचे आहे. डेमो म्हणजे एक प्रोग्रॅम. तो सुरू केला की संगणक स्वतः आकडेमोड करत चित्रे काढतो, हलवतो आणि सोबत संगीतही वाजवतो. आधी भरून ठेवलेले काहीच नसते, सगळे जागेवर घडते. आणि हे सगळे चार हजार शहाण्णव बाइटांत बसवावे लागते. बाइट म्हणजे ढोबळमानाने एक अक्षर. तेव्हा दोन-तीन वहीपाने समजा. एवढ्या जागेत लोक डोंगर बसवतात, समुद्र बसवतात, सूर्यास्त बसवतात. याचा उपयोग काय, असे विचारणारे लोक असतात. आम्ही त्यांना सभासद करून घेत नाही.

दर रविवारी सकाळी दहा वाजता, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत, खिडक्यांना पुठ्ठे लावून आम्ही एकमेकांचे डेमो पाहतो आणि त्यावर टीका करतो. टीकेसाठी नऊ जणांची अभिप्राय समिती आहे. मी तिचा अध्यक्ष. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे, असे चिटणिसांनी ठरवले. चिटणीस लिफ्ट दुरुस्त करतात. वर जाणाऱ्याला मध्येच अडकवू नये, हे त्यांचे जीवनविषयक तत्त्व त्यांना धंद्यातूनच मिळाले असावे.

सुरुवातीला अभिप्राय पानभर असे. त्या काळी आमच्या समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी (चष्म्याचे दुकान, नजर अतिशय बारीक) चिटणिसांच्या डेमोतल्या समुद्रावर दोन्ही बाजूंनी कागद भरून लिहिले. लाटा एकाच जागी उठतात, पाणी डब्यात ठेवल्यासारखे वाटते, वगैरे. चिटणिसांनी ते शांतपणे वाचले, घडी घातली, आणि पुढच्या सभेत ठराव मांडला: जी कला दोन पानांत समुद्र बसवते, तिच्यावरची टीका दोन पाने कशी असू शकते? टीकाकारानेही आटोपशीर असले पाहिजे.

ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. पहिल्या वर्षी मर्यादा दोनशे अक्षरांची झाली, पुढच्या वर्षी चाळिसांची. चाळीस अक्षरांत दोष नीट सांगता येत नाही, पण ‘भारी’ आरामात बसते. तिसऱ्या वर्षी असे लक्षात आले की सगळे ‘भारी’च लिहितात, तर पूर्ण शब्द कशाला, नुसता ‘भ’ पुरे. चौथ्या वर्षी चिटणिसांनी शेवटची सुधारणा केली. सगळ्याच चिठ्ठ्यांवर जर ‘भ’ असतो, तर ‘भ’ गृहीत धरावा. तेव्हापासून सभेत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या जातात, पाच मिनिटे विचाराला दिली जातात, आणि चिठ्ठ्या कोऱ्याच गोळा केल्या जातात. (गोळा का करायच्या, असे एकाने विचारले होते. दप्तरी ठेवायला.)

सहा वर्षांत दोनशे बारा डेमो, एक हजार नऊशे आठ अभिप्राय. अगदी पहिल्या वर्षातल्या सहा चिठ्ठ्या वगळता सर्व अनुकूल. त्या सहांपैकी एक चष्मेवाल्या बाईंची, आणि उरलेल्या पाचांवर ‘पंखा बंद करा’ असे होते.

आता कोणी म्हणेल, मनातले लिहायला कोणी हात धरला होता का? नव्हता धरला. पण इथे नमस्कार-पट्टी समजून घ्यावी लागेल. प्रत्येक डेमोच्या शेवटी एक पट्टी सरकते: ‘नमस्कार’, आणि पुढे मित्रमंडळींची नावे. या जगातली ही जुनी रीत आहे. बक्षीस विसरले जाते, पट्टीतले नाव राहते. समुद्राच्या त्या प्रकरणानंतर चष्मेवाल्या बाईंचे नाव दोन वर्षे एकाही पट्टीत आले नाही. कोणी ठरवले नव्हते, आपोआप घडले. बाईंची नजर अजूनही बारीक आहे. रविवारी दहा ते बारा त्या ती वापरत नाहीत.

तर अशी सगळी व्यवस्था सुरळीत चालू असताना ठिपकीने डेमो केला.

ठिपकी ही माझ्या भाचीची मुलगी. वय तेरा. पहिल्यांदा संगणकावर तिने काळ्या पडद्यात एक पांढरा ठिपका आणला आणि घरभर सगळ्यांना ओढून आणून दाखवला, तेव्हापासून हे नाव. तिच्या डेमोत पक्ष्यांचा थवा होता. थवा उडतो, गाण्याच्या ठेक्यावर वळतो, पुन्हा वळतो, आणि शेवटी एका झाडावर उतरतो. गाणेही तिचेच. दोन आठवड्यांनी मोठा मेळावा होता, तिथे तो दाखवायचा होता. आणि मेळाव्यात एकदा दाखवलेला डेमो पुन्हा बदलायचा नाही, असा या जगाचा कडक नियम आहे. जसा आहे तसा तो कायमचा राहतो.

“आजोबा, शेवटी शेवटी काहीतरी चुकतंय,” ती मला आधीच म्हणाली होती. “शंभर वेळा पाहिलं. आता मला दिसतच नाही. समिती सांगेल ना?”

“समिती त्यासाठीच आहे,” मी म्हणालो. हे खरेच होते. समितीच्या घटनेत तसे लिहिले आहे.

रविवारी डेमो लावला. मी पाहिला, आणि चूक मला दुसऱ्या वळणालाच दिसली. पक्षी गाण्याच्या मागे पडत होते. आधी जरासे, मग आणखी, आणि शेवटचा सूर विरून गेल्यावर कधीतरी ते झाडावर उतरले, पाहुणे गेल्यावर चहा यावा तसे. कारणही उघड होते. उडायच्या अंतराला ठेक्यांनी भागताना पोरीने बाकी सोडून दिली होती. प्रत्येक ठेक्याला एवढीशी बाकी. ती साठत साठत गेली. प्रोग्रॅम मला येत नाही, पण ही चूक मी चौतीस वर्षांत निदान चार हजार वह्यांमध्ये लाल केली असेल.

पण समितीचे लक्ष दुसरीकडेच होते. पक्षी झाडावर बसले, पडदा काळा झाला, आणि पट्टी आलीच नाही. पंखांची उघडझाप बसवायला जागा कमी पडली म्हणून ठिपकीने नमस्कार-पट्टी काढून टाकली होती.

त्या दिवशी दोन वर्षांनंतर समितीने पेने बाहेर काढली. चिटणिसांनी तर माझे मागून घेतले. आठ चिठ्ठ्या भरून आल्या. ठिपकीचा चेहरा असा फुलला की बघत राहावे. अखेर कोणीतरी काहीतरी लिहिले होते! ती जिन्यावर बसून एकेक वाचू लागली.

‘शेवट त्रोटक. काही नावे राहून गेल्यासारखे वाटते.’

‘पक्षी सतरा आहेत. नऊच असते तर अधिक शोभले असते.’

‘तांत्रिक बाजू ठीक. कृतज्ञता कमी.’

‘झाड रिकामे वाटते. तिथे काही लिहिता आले असते.’

नववी चिठ्ठी कोरी होती. ती माझी. मला पट्टीचे काही वाटले नव्हते. (माझे नाव कितवे येणार होते, एवढेच मी भाचीला सहज विचारून ठेवले.) लहान मुलांना नाउमेद करू नये, उत्तेजन द्यावे, म्हणून मी ती कोरी ठेवली होती.

“तुमची चिठ्ठी कोरी का, आजोबा?”

“कोरी म्हणजे भारी, बाळा.”

“ते माहितीये मला. पण तुम्हाला दिसलं ना काहीतरी? तुम्ही दुसऱ्या वळणाला भुवई वर केली. मी पडद्याकडे बघतच नव्हते, तुमच्याकडे बघत होते.”

“तेरा वर्षांच्या मुलीनं एवढं करणं म्हणजे—”

“आईला तुम्ही नऊ वर्षांची असताना रडवलंय गणितात. ती सांगते.”

“ते वेगळं. तिथं चुका होत्या.”

“मग माझ्यात नाहीत?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अवघड प्रश्नाला हे उत्तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

पुढच्या रविवारी डेमो पुन्हा लावला. पंखांची उघडझाप गेली होती, पक्षी कागदाचे विमान जावे तसे ताठ जात होते, आणि पूर्वीइतकेच उशिरा उतरत होते. पण शेवटी पट्टी होती. चिटणीस, चष्मेवाल्या बाई, बेकरीवाले, सगळे. आठ नावे. आठ कोऱ्या चिठ्ठ्या. चिटणीस उभे राहून म्हणाले, “टीका कशी मनावर घ्यावी, ते हिच्याकडून शिका!” टाळ्या झाल्या.

नववे नाव नव्हते. मी पट्टी दुसऱ्यांदा लावायला सांगितली. (खोलीत उजेड होता, नीट दिसले नसेल म्हणून.)

ठिपकी माझ्या खुर्चीपाशी आली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, तुमचं मुद्दाम काढलंय.”

“अगं, त्यात काय एवढं.”

“तसं नाही. ज्यांचं नाव असतं ते बोलत नाहीत. तुमचं नाहीये, आता तुम्हाला बोलता येईल. सांगा ना. आठवडाच राहिलाय.”

तिने माझ्यापुढे चिठ्ठी धरली. मी खिशातले लाल पेन काढले. आता विचार करा: समोर शिकायला आसुसलेले मूल, चूक माहीत, उपाय माहीत, हातात लाल पेन. कोणत्याही शिक्षकाने आयुष्यभर याच क्षणाची वाट पाहावी. मी टोपण काढले आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिले: ‘रचनेत ज्येष्ठांचा विसर पडला आहे.’

तिने वाचले. “बरं,” म्हणाली, आणि चिठ्ठी घडी घालून चपलांकडे वळली.

मेळाव्याला मोठे सभागृह होते आणि त्याहून मोठा पडदा. मी तिसऱ्या रांगेत बसलो, शेजारी भाची. पक्ष्यांचा थवा उडाला. पंख पुन्हा उघडत-मिटत होते. पहिले वळण ठेक्यावर. दुसरे ठेक्यावर. पाचवे, सहावे, दहावेही ठेक्यावर. शेवटचा सूर वाजला आणि त्याच क्षणी सतरा पक्षी एकदम झाडावर उतरले. मागच्या रांगेतल्या लोकांनी अक्षरशः बाके बडवली.

“सापडलं वाटतं तिला,” मी भाचीला म्हणालो. “कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही, मामा. माझी चौथीची गणिताची वही माळ्यावर होती, ती घेऊन बसली होती आठवडाभर. म्हणे आजोबा आता बोलत नाहीत, तेव्हा तरी काय बोलायचे ते बघते. आणि परवा एकदम ओरडली. पानापानावर तुमचं लाल पेन आहे त्यात. ‘बाकी कुठे गेली?’ ‘बाकी कुठे गेली?’ एका पानावर तर कागदच फाटलाय.”

तेवढ्यात पट्टी सरकू लागली. बाकी सांभाळायला जागा लागली असणार, कारण पट्टीत एकच नाव उरले होते: ‘नमस्कार, आईच्या चौथीच्या गणिताच्या मास्तरांना.’

त्या मास्तरांना मी चांगला ओळखतो. हल्ली आमची भेट होत नाही.

समितीने दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा घेतली आणि पट्टीत किमान नऊ नावे असावीत, असा नियम केला. अध्यक्ष म्हणून मी सही केली. ठिपकी आता रविवारी दुसऱ्या एका मंडळात जाते. तिथे म्हणे दिवसभर भांडतात, आणि ती घसा बसवून, खूश होऊन घरी येते.

लिहून झाल्यावर मी ही हकिकत पुन्हा वाचून काढली. दोन-तीन ठिकाणी ती घसरली आहे, आणि तुमच्यासारख्यांच्या नजरेतून ते सुटले नसणार. म्हणून रीतीप्रमाणे शेवटी ही पट्टी. नमस्कार: शेवटच्या ओळीपर्यंत आलेल्या, बारीक नजरेच्या, रसिक आणि मोठ्या मनाच्या वाचका, तुला. तुझे एकट्याचेच नाव आहे, नीट बघ.

खाली अभिप्रायासाठी जागा सोडली आहे. पाच मिनिटे विचार कर, आणि मग नेहमीप्रमाणे दे.