चौदा माशांचा उपवास

भिकाजी शिवलकरांनी सोलकढीत तपासणीचा निळा कागद बुडवला, तेव्हा सगुणाबाईंनी वाटी उचलून नेली ती परत आणलीच नाही.

"अठ्ठावीस वर्षं बोटीवर काय खाल्लंत ते इचारलं नाय मी. आता माज्या हातचं तपासून खाणार?"

भिकाजी बोटीच्या इंजिनरूमला होते. बॉयलरचं पाणी रोज तपासणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन मालगुंडला आले, ते कागदांचा डबा बरोबर घेऊनच. इथे बॉयलर नव्हता, म्हणून त्यांनी अंगणात चिऱ्यांची टाकी बांधली. टाकीत गोड्या पाण्यातले चौदा मासे, वर खडीने भरलेल्या तीन पेट्या आणि पेट्यांत अळू. टाकीतलं पाणी बादलीने वरच्या पेटीत ओतायचं. माशांची घाण अळवाला खत होते आणि पाणी निवळून खाली झिरपतं. परदेशातल्या एका बंदरात त्यांनी असं पाहिलं होतं. गावाने मात्र, "समुद्र हाकेवर असताना हा मासे पाळतोय!" एवढंच म्हटलं.

भिकाजींना त्याचं काही नव्हतं. मुलं, माड, घर, सगळं त्यांच्यावाचूनच वाढलं होतं. हे चौदा मासे तेवढे त्यांनी स्वतः वाढवले होते, आणि ते जगायला हवे होते.

शहाऐंशी सालच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात आली. अंगण टाकीने अडवलेलं. गावचे मानकरी रावजी इकडेतिकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी पालखी टाकीच्या रुंद कठड्यावरच टेकवली. नेमका त्याच वेळी एक मासा पाण्याबाहेर उसळला.

"कौल दिलान!" रावजी ओरडले. "देवीनं कौल दिलान!"

झालं. ज्यांच्या घरी रोज बांगडा तळला जातो त्यांनी या माशांना हात जोडले. त्या दिवशी टाकीत नैवेद्य म्हणून पुरणपोळ्यांचे तुकडे पडले, दुसऱ्या दिवशी दहीभात. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटला आणि मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले.

"भुकेले हायत गो बिचारे," शेजारची राही म्हणाली आणि तिने खोबऱ्याच्या वड्या टाकल्या.

"भुकेले नाय, गुदमरतायत!" भिकाजी कळवळून म्हणाले. "अन्न कुजतंय, पाणी नासलंय."

"देवीचा प्रसाद कुजतो म्हणतोस?" रावजींनी भुवया चढवल्या. भिकाजींनी बादली उचलली.

पाणी बदलावं तर विहीर तळाला गेलेली. दिवसभर ते पोळ्यांचे लगदे काढत आणि बादल्या उपसून वर ओतत. ते उपसत त्याच्या दुप्पट गाव टाके. रविवारी एक मासा उलटा झाला. भिकाजींनी त्याला माडाच्या आळ्यात पुरलं आणि तिथेच बसून राहिले. सगुणाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. नवऱ्याचा असा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाहायला तो घरी होताच कधी!

संध्याकाळी माणसं जमली तशा त्या पदर खोचून टाकीपुढे उभ्या राहिल्या.

"उद्यापासून कोणी काय घालायचं नाय. देवीचे मासे हायत, पाडव्यापर्यंत त्यांना उपास."

गावाने मान डोलावली. उपवास म्हटल्यावर कोण काय बोलणार? सोमवारी सकाळी राही साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. तिच्यामागून रताळी आली, शेंगदाण्याचे लाडू आले. भिकाजींनी डोक्याला हात लावला.

"ह्यातलं काय नाय!" सगुणाबाई कडाडल्या. "कडक उपास. नुसत्या पाण्यावर!"

रावजींनी टाकीत पाहिलं. मासे पाण्यातच होते, पाणीच घेत होते. यात खोट काढायला जागा नव्हती. पण मानकऱ्याने काहीतरी बोलायलाच हवं.

"बरोबर. पण यजमानानं पण धराया हवा. पाडव्यापर्यंत मासळी बंद, नि आज नुसतं पाणी."

भिकाजींनी बायकोकडे पाहिलं. ती वाद घालील असं त्यांना वाटलं. "धरतील ते," ती म्हणाली.

खिचडी माणसांनीच संपवली आणि गर्दी पांगली. भिकाजी बादल्या ओतत राहिले. दुपारपर्यंत वास उतरला. तेरा मासे एकेक करून तळाकडे गेले. अळूही टवटवीत दिसू लागलं होतं. भिकाजींचं पोट मात्र पाठीला लागलं. शेजारून बांगड्याचा वास आला तसे ते बादली ठेवून मटकन कठड्यावर बसले.

"हे काय गो केलंस?" ते म्हणाले. "माशांसाठी मी उपाशी?"

सगुणाबाई शेजारी येऊन बसल्या. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं, हे भिकाजींच्या आता लक्षात आलं.

"तुमी पाण्यावर होतात ना, तवा अठ्ठावीस वर्षं सोमवार धरले मी. नुसत्या पाण्यावर. बोट सुखरूप फिरू दे म्हणून. तुमी घरी आलात नि सोडले. एक सोमवार तुमी धरा."

"कधी बोलली नायस," भिकाजी म्हणाले.

"कागद बुडवून कळण्यातलं नव्हतं ते."

त्या आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. विहिरीच्या तळाचं पाणी, थोडं गढूळच.

"तपासून घ्या," त्या म्हणाल्या.

भिकाजींनी तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.